वर्डप्रेस की विक्स ते नंतर; अपडेट कोण मारणार ते आधी बोला

सिंहस्थ तोंडावर आला आणि नाशकात जो तो वेबसाइट टाकायला निघाला. पंचवटीतला लॉजवाला, त्र्यंबक रोडचा टूरवाला, येवल्याचा पैठणीवाला, दिंडोरीकडचा द्राक्षवाला. टाका की, कोण अडवतंय? पण प्रत्येकाच्या मोबाइलवर तेच ते कोष्टक. डावीकडे साइट बनवायची साधनं: वर्डप्रेस, जुमला, ड्रुपल, विक्स, शॉपिफाय. वरती सोपेपणा, डिझाइन, एसईओ (गूगलवर वर दिसणं), किंमत. मध्ये हिरव्या टिका आणि लाल फुल्या. आणि मग प्रश्न: ‘यातलं बेस्ट कोणतं?’ डोकं फिरतं हो!

सोपेपणा दहापैकी नऊ म्हणे. कुणासाठी? पहिल्या दिवशी बटणं दाबून बघणाऱ्यासाठी सगळंच सोपं असतं. खाली होस्टिंगची, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेची, लिंक असते, त्या लिंकवर बहुतेक वेळा लिहिणाऱ्याचं कमिशन असतं, तेव्हा गुण देताना हात आखडता घेऊन चालत नाही. साइट बनवणं हे आठवड्याभराचं काम आहे. ती पुढची पाच वर्षं कोण सांभाळणार, आणि कंटाळा आला तर सामान घेऊन बाहेर कसं पडायचं, हे दोन रकाने एकाही कोष्टकात नसतात. आणि भांडणं होतात ती नेमकी या दोन रकान्यांवरून.

वर्डप्रेसचंच घ्या. २००३ पासून आहे, फुकट आहे, नाशकात गल्लोगल्ली येणारी पोरं आहेत. मान्य. पण तो पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवर चालतो, आणि पीएचपीच्या आवृत्त्या मरतात. ७.४ चा अधिकृत सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला. एक दिवस होस्टिंगवाला साइट ८ च्या पुढे ढकलतो. थीम, म्हणजे साइटचा तयार साज, २०१६ सालची असेल तर तिच्यात क्रिएट-फंक्शन, ईच असली पीएचपी ८ ने साफ काढून टाकलेली फंक्शन्स बसलेली असतात. झालं! पांढरं पान आणि ‘गंभीर त्रुटी’ची एक ओळ. ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस अशा वेळी रिकव्हरीची लिंक मेलवर पाठवतो, कोणतं प्लगइन (वरून जोडलेली सोय) किंवा कोणती थीम आडवी आली तेही सांगतो. उत्तम सोय. पण मेल जातो कुठे? सेटिंग्ज, जनरल मध्ये जो ॲडमिन ईमेल आहे तिथे. आणि तिथे असतो साइट बनवून पुण्याला नोकरीला गेलेल्या पोराचा पत्ता. मालक इकडे दिवसभर रिफ्रेश मारत बसतो.

लॉगिन हातात असेल तर हे अर्ध्या तासाचं काम आहे. होस्टिंगचं पॅनल, म्हणजे सीपॅनल, गाठा. फाइल मॅनेजर उघडा, डब्ल्यूपी-कंटेंट, मग प्लगइन्स. एकेका प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदलत जा, ज्याचं नाव बदलल्यावर साइट उघडली तो चोर. एकही प्लगइन चोर निघालं नाही तर थीम तपासा. मग सीपॅनलमध्ये पीएचपीची आवृत्ती तात्पुरती मागे घ्या, चोराचं अपडेट किंवा पर्याय शोधा, आणि पीएचपी परत पुढे न्या. जुन्या पीएचपीवर साइट तशीच सोडून देऊ नका, ती हॅकरला दिलेली किल्ली आहे. आणि हो, अपडेट मारण्याआधी बॅकअप. फाइल्स आणि डेटाबेस, दोन्ही. एकच घेतला तर तो बॅकअप नव्हे, नुसता दिलासा.

‘एक्सपोर्ट आहे ना!’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. वर्डप्रेसच्या टूल्समधलं एक्सपोर्ट दाबलं की एक एक्सएमएल फाइल येते. त्यात मजकूर असतो, फोटो नसतात, फोटोंचे फक्त पत्ते असतात. नव्या जागी इम्पोर्ट करताना फोटो जुन्या साइटवरून ओढले जातात. म्हणजे जुनी साइट तेव्हा जिवंत पाहिजे! लोक आधी जुनं होस्टिंग बंद करतात, पैसे वाचवल्याच्या आनंदात, आणि मग रिकाम्या चौकटी बघत बसतात.

पेज बिल्डर, म्हणजे पानं ओढून-सोडून मांडायचं प्लगइन, हा त्याच्यावरचा कळस. डब्ल्यूपी-बेकरी या बिल्डरमध्ये बनवलेल्या पानाचं प्लगइन बंद करा, मजकुरात चौकटी कंसांतले शॉर्टकोड, म्हणजे बिल्डरच्या खुणा, उघडे पडतात, पानभर ‘व्हीसी-रो’, ‘व्हीसी-कॉलम’ची रांग. एलिमेंटर हा दुसरा बिल्डर बंद केला तर मजकूर बराचसा राहतो, पण मांडणी जाते, कारण ती मजकुरापासून वेगळी, पोस्टच्या मेटा-नोंदींत साठवलेली असते. विकणाऱ्याने हे आधी सांगावं की नाही? साधी चाचणी आहे: डेमो साइटवर बिल्डर बंद करायला लावा आणि पान बघा. विकणाऱ्या साहेबांचा चेहराही बघा.

विक्स त्या बाबतीत निदान उघड आहे. अपडेटची कटकट नाही, पीएचपी नाही, काही नाही, सगळं तेच बघतात. पण तिथली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, हे त्यांचंच म्हणणं. दुकानातली उत्पादनं सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलसारख्या यादीत, निघतील. पानं नव्याने मांडा. ज्याच्याकडे सांभाळायला माणूसच नाही, चार खोल्या, एक फोन नंबर आणि नकाशा एवढंच ज्याचं काम आहे, त्याला मी विक्सच सांगेन, आणि त्यावर नाक मुरडणाऱ्या डेव्हलपरांना विचारेन की मग तुम्ही दर महिन्याला अपडेट मारायला जाणार आहात का? बघा कसे गप्प बसतात.

आता खरा संताप. मराठी! या कोष्टकांमध्ये ‘बहुभाषिक’ असा रकाना असतो आणि त्यात टीक असते. त्या टिकेचा अर्थ मराठी अक्षरं टाइप होतात, इतकाच.

वर्डप्रेसमध्ये मराठी शीर्षक टाकलं की लिंकही मराठीतून तयार होते. बघायला छान. पण डेटाबेसमध्ये त्या लिंकच्या शेपटीला जागा २०० चिन्हांची, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या खुणांसकट नऊ चिन्हं खातं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, प्रत्येकाचे वेगळे नऊ. म्हणजे हातात येतात बावीस चिन्हं. ‘नाशिकमधील उत्तम लॉजिंग व जेवण’ हे शीर्षक द्या. लिंक बनते ‘नाशिकमधील-उत्तम-लॉजिंग-व’. जेवण गुल! पुढचं पान ‘नाशिकमधील उत्तम लॉजिंग व पार्किंग’ केलं तर तीच लिंक पुन्हा, शेवटी आकडा लावून. आणि व्हॉट्सॲपवर पाठवली की ती लिंक नसतेच, टक्क्याच्या खुणांची आगगाडी असते. गिऱ्हाइकाला वाटतं व्हायरस आला. उपाय दोन मिनिटांचा: पान प्रसिद्ध करण्याआधी लिंकची शेपटी हाताने लिहा, लहान रोमन अक्षरांत, तीन-चार शब्द, मध्ये आडवी रेघ. नंतर बदलाल तर जुन्या लिंकवरून नवीकडे वळवणारं रीडायरेक्ट लागेल. हे न करता साइट सोपवणाऱ्यांना काय म्हणावं?

मग अक्षरं. परदेशी थीम घेतात, हेडिंगला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधली मोकळी जागा) असतं, इंग्रजीत ते ऐटबाज दिसतं. मराठीत शिरोरेषा तुटते, अक्षरं फुटक्या कौलांसारखी सुटी पडतात. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.१ असते, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. लेटर-स्पेसिंग शून्य करा, लाइन-हाइट १.५ च्या आसपास आणा, दोन ओळींचं काम. पण कुणी करत नाही, कारण करणाऱ्याने साइट इंग्रजी डेमो मजकुरावरच पास केलेली असते. लाटो, मोन्सेराट या फॉन्टांत देवनागरी नाहीच, त्यामुळे ब्राउझर हाताला लागेल तो फॉन्ट उचलतो: विंडोजवर एक, अँड्रॉइडवर दुसरा. मुक्ता, हिंद, बालू, नोटो सॅन्स देवनागरी फुकट आहेत, लावा ना! आणि साइटची भाषा मराठी ठेवा. ती इंग्रजी राहिली तर ब्राउझरला कळत नाही की मजकूर मराठी आहे, आणि ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श दिलेले आहेत त्यांतही हिंदी वळणाचे उमटतात. ‘मग माझं ॲडमिन पण मराठी होईल’ ही तक्रार फोल आहे, ४.७ पासून प्रत्येकाला प्रोफाइलमध्ये स्वतःची भाषा वेगळी ठेवता येते.

फ्लेक्सवाल्याकडून आलेला मजकूर ही अजून एक डोकेदुखी. श्रीलिपी, कृतिदेवच्या जुन्या फॉन्टातला मजकूर तसाच पेस्ट करायचा आणि ‘साइटवर चायनीज येतंय’ म्हणून बोंब मारायची. तो युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखा वाचला जाणारा मजकूर, नाही, बाबा. आधी कन्व्हर्टरमधून काढा, मग रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. डेटाबेस हलवताना कॅरॅक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८-एमबी-४ आहे का ते बघा. लॅटिन-१ या रोमन अक्षरांच्या जुन्या पद्धतीत शिरलेली मराठी एकदा प्रश्नचिन्हं झाली की त्या प्रश्नचिन्हांतून मराठी काढणारा कुणी अजून जन्मला नाही. जुना डंप, म्हणजे डेटाबेसची आधीची प्रत, असेल तरच सुटका.

जुमला आणि ड्रुपलबद्दल थोडक्यात, कारण त्यांच्याबद्दल भांडायला आता फार कुणी उरलं नाही. दोन्हींत एकापेक्षा जास्त भाषा मुळातच सांभाळता येतात, त्यासाठी वर्डप्रेससारखं वेगळं प्लगइन लागत नाही, आणि कुणाला काय दिसावं, कुणी काय बदलावं याचे नियमही पक्के. दहा कॉलेजांची संस्था असेल, मजकूर एक लिहितो, दुसरा तपासतो, तिसरा प्रसिद्ध करतो असा कारभार असेल, तर ड्रुपल शोभतं. पण त्याला कंपोझर (भाग जोडायचं साधन) लागतो, कमांड लाइन लागते, ती येणारा माणूस पगारावर लागतो. पाच खोल्यांच्या लॉजला ड्रुपल म्हणजे मिसळीच्या एका प्लेटसाठी लग्नाचा आचारी बोलावणं. आणि ड्रुपल ७ चा सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला, जुमला ३ चा ऑगस्ट २०२३ ला. ड्रुपल ७ वरून पुढे जाणं हे अपडेट नव्हेच, नव्याने बांधकाम आहे. तरी अजून त्यांवर साइट्स चालू आहेत, आणि कोटेशनमध्ये कुणी ‘जुमला’ एवढंच लिहितं. आवृत्ती लिहायला हात दुखतो का?

‘कॉन्टॅक्ट फॉर्म: आहे.’ ही टीक तर सगळ्यात खोटी. फॉर्म भरला जातो, ‘धन्यवाद’ दिसतं, मेल येत नाही. कारण वर्डप्रेस मूळ सेटिंगमध्ये सर्व्हरच्या साध्या पीएचपी मेलने पाठवतो, डोमेनला एसपीएफ-डीकेआयएम, म्हणजे मेल खरा असल्याची ओळख, लावलेलं नसतं, आणि फेब्रुवारी २०२४ पासून गूगल-याहूने असल्या बेवारस मेलवर बडगा उचललाय. त्यात काही महाभाग ‘प्रेषक’ म्हणून फॉर्म भरणाऱ्याचाच जीमेल पत्ता टाकतात. मग तर मेल बनावटच ठरतो. एसएमटीपीचं (खऱ्या मेलबॉक्समधून मेल पाठवणारं) प्लगइन टाका, डोमेनचा खरा मेलबॉक्स लॉगिनसह जोडा, डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन्ही नोंदी करा, फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’त ठेवा. लॉजवाल्याला वाटतं सीझन मंदा गेला. चौकशा सगळ्या स्पॅममध्ये कुजत असतात.

पैठणीवाल्यांनो, ऑनलाइन दुकानासाठी शॉपिफाय चांगलं आहे, पण त्याची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही. पैसे घेणारा दुसऱ्याचा गेटवे लावावा लागतो, त्याची फी वेगळी, आणि वर शॉपिफाय प्लॅनप्रमाणे आपली टक्केवारी कापतं. दहा-पंधरा हजारांच्या साडीवर ती टक्केवारी किती होते ते कागदावर मांडा, मग ‘महिन्याला इतकेच’ वर खूश व्हा. वूकॉमर्समध्ये, म्हणजे वर्डप्रेसच्या दुकानाच्या प्लगइनमध्ये, ही कपात नाही, पण वरची पीएचपीची सगळी रामकहाणी तिथे दुप्पट, कारण बंद पडलं तर गल्ला बंद पडतो.

आणि अंबड-सातपूरच्या जॉबवर्कवाल्यांना सीएमएस (वर्डप्रेससारखी मजकूर सांभाळायची यंत्रणा) विकणाऱ्यांना तर दंड ठोकला पाहिजे. मशीनची यादी, क्षमता, सर्टिफिकेट, पत्ता. वर्षातून एकदा बदलणारी पाच पानं! साधं एचटीएमएल क्लाउडफ्लेअर पेजेस या होस्टिंगवर फुकट चालतं. ना डेटाबेस, ना प्लगइन, ना हॅक होण्यासारखं लॉगिन. तिथे वर्डप्रेस, वीस प्लगइन आणि टेलिग्रामवरून उचललेली क्रॅक (विकतची, पण चोरून फुकट केलेली) थीम कशाला? त्या थीमच्या पोटात मागचं दार असतं, महिन्याभराने गूगलवर कारखान्याच्या नावाखाली जपानी मजकूर दिसायला लागतो, आणि अपलोड्सच्या फोल्डरमध्ये, जिथे फक्त फोटो असायला हवेत तिथे, पीएचपी फाइल्स सापडतात.

तेव्हा कोष्टक बंद करा आणि शेवटचा हप्ता देण्याआधी एवढं मागून घ्या. डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, रजिस्ट्रारच्या (डोमेन विकणाऱ्याच्या) लॉगिनसकट. होस्टिंगच्या पॅनलचं लॉगिन. साइटमध्ये तुमचं स्वतःचं ॲडमिन खातं, आणि जनरल सेटिंगमधला ईमेलही तुमचा. विकतच्या थीम-प्लगइनची लायसन्स कुणाच्या नावावर, कधी संपतात. फाइल्स आणि डेटाबेसचा बॅकअप तुमच्या ड्राइव्हवर, आणि तो दुसरीकडे उघडून दाखवलेला. वर्षभर अपडेट कोण मारणार, किती रुपयांत, हे कागदावर. मग साइट बनवणाऱ्या पोराला समोर बसवा, स्वतःच्या मोबाइलवरून लॉगिन करा आणि एका खोलीचा दर स्वतःच्या हाताने बदलून बघा. नाही जमलं तर चेक खिशातच ठेवा.