लाल विटांचं एलिव्हेशन करताय? मग एवढं कराच

कोल्हापुरात कळंब्याकडं प्लॉट घेतलाय, बंगला उभा राह्यलाय, आता पुढनं लाल विटांचा थर पाहिजे कारण साडूनं केलाय, तर अभिनंदन, आणि एक विनंती, जाणत्या इंजिनिअरला विचारत बसू नका, उगं खर्च वाढवतंय.

ही वीट घराचा भार घेत नाही, नुसती शोभेची. मग शोभेला पाया कशाला? द्या पोर्चच्या कोब्यावर चढवून. तिला मागच्या भिंतीशी धरून ठेवायला न गंजणाऱ्या पट्ट्या लागतात म्हणे, साधारण अडीच चौरस फुटाला एक. एवढे पैसे कोण घालणार, सेंट्रिंगवाल्याची बायंडिंग तार उरलीय की, खोचा चार ठिकाणी.

खरी मजा पोकळीत आहे. दोन भिंतींत निदान इंचभर जागा सोडायची असते, कारण वीट पाणी पितेच, ते पाणी मागनं खाली उतरून तळाच्या भोकांतनं बाहेर पडावं म्हणून. आता आपला गवंडी बघा, वीट दाबली की पुढं आलेला माल थापीनं झ्याक कापून घेतो, मागं लोंबलेला पडतो पोकळीत, आणि तळाला बरोब्बर भोकांच्या मागं त्याचा ढीग होतो. अर्थात भोकं ठेवली असतील तर! ठेवूच नका, मुंग्या येतात, फोटोतपण दिसतात. पाणी बाहेर वळवायला तळाला आणि खिडक्यांच्या डोक्यावर फ्लॅशिंग, म्हणजे पाणी न झिरपणारी पट्टी, घालतात ते तर निव्वळ चोचले. गगनबावड्याकडनं जूनला आलेला पाऊस गणपतीपर्यंत हटत नाही, तेवढं पाणी मुरलं की हॉलच्या पुट्टीला फुगे आणि बाहेर विटांवर पांढरा लोणा. पाव्हण्यांना सांगायचं, डिझायनर फिनिश हाय.

खिडकीवरच्या विटांना लोखंडी अँगल नको, चौकटीवरच टेकवा, स्लायडिंग अडकायला लागली की खिडकीवाल्याशी भांडायला मोकळे.

आणि हो, भट्टीतनं निघालेली वीट ओल खाऊन वर्षानुवर्षं थोडी थोडी फुगते, मागचं काँक्रीट मात्र आकसतं, म्हणून शहाणी माणसं मधे मऊ जॉइंट सोडतात. तुम्ही सिमेंटनं गच्च भरा. मग खिडकीच्या कोपऱ्यातनं सांध्यासांध्यानं पायऱ्यापायऱ्यांची भेग वर चढेल, तिच्यात एटीएम कार्ड जायला लागलं की गवंड्याला फोन लावा. "सेटलमेंट हाय सायेब, नव्या घराला असतंयच." झालं समाधान?

तरी धाकधूक वाटली तर वरनं चकचकीत क्लिअर कोट मारून घ्या, आत गेलेलं पाणी परत बाहेर यायची पंचाईतच नको. आणि भिंतीनं पोट काढलं की बंगला विकायला काढा, फक्त गिऱ्हाईक एप्रिल-मेमधे बोलवा, आणि त्याला गाडी जरा लांबच लावायला सांगा.