राग, यकृत आणि जंत: एका नाराज वाचकाला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतरांसाठी थोडक्यात सांगते. राग यकृतात असतो असं चिनी वैद्यक मानतं हे मी एका लेखात लिहिलं, त्याच्याच खाली जंतांबद्दल लिहिलं, वहिनींनी ते वाचून ऑनलाइन 'पॅरासाईट क्लीन्झ'ची, म्हणजे पोटातले जंत साफ करते म्हणून विकली जाणारी, पावडर मागवली, आणि आता त्या म्हणतात, "माझी चिडचिड जंतांमुळेच होते." तुम्ही विचारलंय याला जबाबदार कोण. थोडी मी आहेच. दोन वेगळ्या गोष्टी मी एका परिच्छेदात कोंबल्या आणि धोक्याबद्दल एक ओळ लिहिली नाही, ती माझी चूक. पण "हे सगळं थोतांड आहे, लिहिणंच बंद करा" हे मात्र मला मान्य नाही.

आधी यकृत. चिनी शब्द आहे 'गान'. तो अवयव त्यांना माहीत नव्हता असं अजिबात नाही, जुन्या ग्रंथात त्याचं वजन दिलंय, सात पाळ्या मोजल्यात. पण नाडी बघताना वैद्य 'गान' बघतो तो डाव्या मनगटावर, मधल्या बोटाखाली, आणि यकृत तर आपल्या उजव्या कुशीत असतं, म्हणजे तो काही एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) मोजत नसतो. त्यांच्या मांडणीत गान म्हणजे वसंत ऋतू, लाकूड हे तत्त्व, डोळे, आणि राग. शरीरातलं सगळं मोकळं वाहतं ठेवणं हे त्याचं काम. माणूस राग गिळत राहिला की बरगड्यांखाली आवळल्यासारखं होतं, सारखे उसासे येतात, पोट बिघडतं, पाळीच्या आधी बायकांची छाती दुखते, याला ते म्हणतात गानचा प्रवाह अडकला. आपण नाही का काळजाचा तुकडा म्हणतो, काळीज तुटलं म्हणतो आणि मटणवाल्याकडे कलेजी मागतो, तेव्हा कुठलं काळीज ते आपल्याला बरोबर कळतं. चिनी लोकही लाडक्या माणसाला 'शिनगान' म्हणतात, म्हणजे हृदय-यकृत!

या अडकण्यावरचं त्यांचं सगळ्यात प्रसिद्ध औषध श्याओयाओ सान, सोंग राजवटीच्या सरकारी औषधसंग्रहातलं. त्यात ज्येष्ठमध आहे, आलं आहे, पुदिन्याच्या जातीची पानं आहेत, बाकी मुळं, कंद आणि एक बुरशी. जंत मारणारं त्यात काहीही नाही. वहिनींना हे नक्की सांगा, की चिडचिडीवरचं जे खुद्द चिनी वैद्यांचं औषध आहे त्यात जंतांचा विचारच नाहीये.

आता जंत. ते त्यांच्याकडे खरेखुरे, डोळ्यांना दिसणारे होते. इ.स. 610 मध्ये चाओ युआनफांग या वैद्याने नऊ प्रकारचे जंत वर्णन केलेत. त्याच्याही चारशे वर्षं आधी झांग झोंगजिंग या वैद्याने वूमेइ गोळ्या सांगितल्या, तीनशे आंबट फळं रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवायची, त्यात सुंठ, दालचिनीच्या काड्या, आणि आपल्या कोकणातल्या तिरफळाचा चिनी भाऊ. लक्षणं काय लिहिलीत तर हातपाय गार, खाल्लं की उलटी, उलटीतून जंत, आणि मधूनच तळमळ, जी थोड्या वेळाने थांबते. का, तर जंत वर सरकतोय म्हणून. तुम्ही हे थोतांड म्हणाल, पण मोठा गोल जंत खरंच पित्तनळीत शिरतो आणि माणूस अक्षरशः लोळतो, आपल्या काश्मीरमध्ये अशा केसेस भरपूर झाल्यात, आणि विसाव्या शतकात चीनमधल्या हॉस्पिटलांत अशा पेशंटना याच औषधाचा काढा देऊन बघितला गेला. जंत, यकृत आणि तळमळ एकत्र येतात ते इथे, एका ठरावीक आजारात. ऑफिसातून दमून आल्यावर मुलांवर ओरडलो म्हणून जंत झालेत असं त्या वैद्याने कुठेही म्हटलेलं नाही.

यकृतातच राहणारा चपटा कृमीही आहे, चिनी लिव्हर फ्लूक. तो पहिल्यांदा सापडला 1874 साली आपल्याच कलकत्त्यात, एका चिनी सुताराच्या पित्तनळ्यांमध्ये. तो गोड्या पाण्यातले कच्चे मासे खाऊन होतो, वर्षानुवर्षं राहिला तर पित्तनळीचा कॅन्सर होऊ शकतो, आणि त्याला प्राझिक्वांटेल हे डॉक्टरांनी द्यायचं कृमिनाशक लागतं, पावडरी नाही.

आता जे तेव्हा लिहायला हवं होतं ते. चिनी जंतनाशकांतली काही औषधं यकृतालाच मारक आहेत. कू-लियान-पी म्हणजे बकाणनिंबाच्या जातीची साल, गोल जंतांवर शतकानुशतकं वापरली, तिने लिव्हर खराब होतं हे चीनमध्येही मान्य आहे. 'यकृताचं पोषण' म्हणून विकलं जाणारं हो-शौ-वू, त्याने कावीळ झालेल्या केसेस अनेक देशांत नोंदल्यात. माझ्या आत्तेभावाने असाच एक 'लिव्हर डिटॉक्स'चा डबा दीड महिना घेतला आणि डोळे पिवळे करून बसला, तेव्हापासून हा विषय मी हलक्यात घेत नाही, आणि तरीही त्या लेखात हे लिहायचं राहिलं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग असलं वाचायचंच कशाला, असं तुम्ही विचाराल. मलेरियाचा परजीवी शरीरात शिरल्यावर आधी यकृतात वाढतो आणि मग रक्तात येतो. रक्तातल्या त्या परजीवीवरचं आजचं मुख्य औषध आर्टेमिसिनिन, ते 'तू योयो' या चिनी शास्त्रज्ञ बाईंना सापडलं ते चौथ्या शतकातल्या गे होंग या चिनी लेखकाची एक ओळ वाचून, की मूठभर छिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळा असं त्यात म्हटलेलं नाही, आणि इथेच त्यांना शंका आली की उष्णतेने गुण जात असेल, म्हणून कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरून अर्क काढला, 1971 च्या ऑक्टोबरमध्ये 191 नंबरचा नमुना लागू पडला, आणि पुढच्या वर्षी पेशंटना देण्याआधी त्यांनी तो स्वतः घेतला. 2015 ला नोबेल मिळालं. जुनं वाचायचं तर असं, एकेक शब्द बघत आणि तपासून. पावडर विकणारे यातलं काहीच करत नाहीत.

आणि वहिनींना शौचातून दोऱ्यासारखं काही दिसलं असेल तर घाबरू नका, या पावडरींत बऱ्याचदा इसबगोल असतं, ते फुगून तसंच बाहेर पडतं. जंतांची शंका असेल तर स्टूल टेस्ट करा, डॉक्टर गोळी देतील, शाळेत मुलांना 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला देतात तीच अल्बेंडाझोल बहुतेक. पावडर आजच बंद करा. लघवी गडद झाली असेल, डोळे पिवळसर वाटत असतील, उजव्या कुशीत दुखत असेल तर डबा सोबत घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा, एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करून घ्या.

चिडचिडीचं मात्र "जंत नाहीत ना, मग झालं" असं करून सोडून देऊ नका, त्या खरंच दमल्या असतील, झोप होत नसेल, थायरॉईड तपासायचं राहिलं असेल. त्या लेखातला जंतांचा भाग मी काल रात्री वेगळा काढलाय आणि वर लिहिलेला धोका सगळ्यात आधी टाकलाय, तो त्यांना दाखवा. डब्यावरच्या घटकांची नावं इथे टाकलीत तर त्यातलं चिनी काय आहे ते मी वाचून सांगेन.