हॉट चॉकलेटचा गोळा का झाला?

नमस्कार. माझ्या दाट हॉट चॉकलेटच्या कृतीवरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, त्यामुळे नुसतं 'धन्यवाद' लिहून सुटका करून घेत नाही. तुमचे आक्षेप तीन. तयार ड्रिंकिंग चॉकलेट दुधात ढवळलं की काम होतं, मग एवढी यातायात कशाला? माझ्या कृतीने केलं तर चॉकलेटचा गोळा झाला, दुसऱ्या खेपेला वर तेलाचा तवंग आला आणि महागडं चॉकलेट वाया गेलं. आणि कॉर्नफ्लोअर घालून त्याची खळ का करायची?

आधी गोळ्याचं बघू. तुम्हीच लिहिलंय की चॉकलेट वेगळं वितळवलं आणि त्यात 'जरासं' दूध घातलं. गोम तिथेच आहे. कृतीत उलटं आहे: सगळं दूध गरम करायचं आणि त्यात चिरलेलं चॉकलेट सोडायचं. वितळलेलं चॉकलेट म्हणजे कोको बटरमध्ये, म्हणजे कोकोतल्या चरबीत, विखुरलेले साखरेचे आणि कोकोचे बारीक कण. त्यात चमचाभर दूध पडलं की साखर ओली होते, कण एकमेकांना चिकटतात आणि चकचकीत, सरसरीत चॉकलेटचा बघता बघता निस्तेज, रवाळ गोळा होतो. गंमत म्हणजे त्यावर उतारा आणखी दूधच! गरम दूध घालत घोटत राहिला असतात, तर तो सैल झाला असता. तेव्हा चॉकलेट वाया गेलं नव्हतं, ते तुम्ही टाकलंत.

कोको पावडरचं नेमकं उलट. ती भरपूर दुधात टाकली की वर तरंगते आणि आत कोरड्या, बाहेरून ओल्या गुठळ्या होतात. म्हणून ती आधी साखरेत कोरडीच कालवायची, मग दोन-तीन चमचे गरम दूध घालून गुळगुळीत पेस्ट करायची. पावडरला दूध थोडं, चॉकलेटला एकदम भरपूर. माझ्या कृतीतला काटेकोरपणा बराचसा एवढ्यासाठीच आहे, बाकी तुम्ही हवे तितके फाटे फोडा.

आता दाटपणा. १८२८ साली व्हान हाउटेन या डच चॉकलेट-उत्पादकाने कोकोतली चरबी दाबून काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि आज आपण वापरतो तशा कोको पावडरची वाट मोकळी झाली. भाजून वाटलेल्या कोकोत निम्मी चरबी असते, पावडरमध्ये साधारण १० ते २४ टक्के उरते. म्हणून नुसत्या पावडरीने रंग, वास, कडवटपणा सगळं येतं, पण जिभेवर रेंगाळणारा तो मऊपणा येत नाही. तो कोको बटरचा. तयार ड्रिंकिंग चॉकलेटच्या डब्यावरची घटकांची यादी वाचा, बहुतेक वेळा पहिलं नाव साखरेचं असतं. घाईच्या वेळी तेही चालतं, मी काही त्याच्या विरोधात मोर्चा काढलेला नाही. पण आपण 'दाट' म्हणतो ते हे नव्हे.

तवंग आला तोही त्याच कोको बटरचा. चौतीस-पस्तीस अंशांवर ते वितळतं, त्यामुळे चॉकलेटसाठी दूध उकळायची गरजच नाही. खळखळा उकळलं आणि ढवळलं नाही की चरबी वेगळी होऊन वर येते. आच मंद करा आणि व्हिस्कने किंवा रवीने घुसळा. थेंब बारीक होतात, दुधातली प्रथिनं त्यांना धरून ठेवतात. तरीही जिभेवर मेणचट थर राहिला, तर वेष्टनावर 'कोको बटर' आहे की 'वनस्पती तेल' ते पाहा. दुसरं असेल तर घुसळून हात दुखतील, बाकी काही होणार नाही.

कॉर्नफ्लोअरबद्दल तुमचं अर्धं बरोबर. दोन कप दुधाला एक सपाट छोटा चमचा पुरतो, तो थंड दुधात कालवून घाला. मोठा चमचा घातलात तर खळच होणार. मात्र ते शिजायला दुधाला एक हलकी उकळी हवीच, नाहीतर कच्ची चव राहते. म्हणून आधी कॉर्नफ्लोअर, मग आच मंद, मग चॉकलेट. कॉर्नफ्लोअर नको असेल तर सरळ वगळा आणि चॉकलेट वाढवा: दोन कपांना ८० ऐवजी १०० ग्रॅम. कोकोतही स्टार्च असतो, तो थोडा हात देतो. मीठ मात्र चिमूटभर घालाच, कडवटपणा बोथट होतो.

उरलं तर फ्रिजमध्ये ते घट्ट होईल, घाबरू नका. परत गरम करताना थोडं दूध घाला आणि ढवळणं थांबवू नका.