सोसायटीत भूत बसवायचंय? मग हे करा

पुण्यातल्या सोसायटीत राहायचं म्हणजे टँकरचं पाणी, नशिबाचं पार्किंग आणि भल्या पहाटे हॉर्न मारणारी स्कूल बस हे सगळं आलंच. कमी होतं ते एक भूत. आमच्याकडे ते या पितृपक्षात आलं आणि कमिटीने एकमताने मंजूरही केलं. एकमताने! बिल्डिंगला रंग कुठला द्यायचा यावर ज्यांचं अजून जमत नाहीये, त्या कमिटीने. तर तुमच्याकडेही बसवायचा विचार असेल तर घ्या, सल्ला फुकट आहे.

सगळ्यात आधी लिफ्टची एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचे पैसे, थकवा. याच्याशिवाय पुढचं काही जमत नाही. सर्व्हिसिंग बंद झालं की दाराच्या सेन्सरवर धूळ बसते, मग दार लागतं आणि परत उघडतं, परत लागतं परत उघडतं, आत कोणी नाही, ट्यूब फडफडतेय आणि रात्रीचे साडेअकरा. झालं, अर्धं भूत इथेच तयार. आमच्याकडे मेकॅनिक आला, त्याने सेन्सरवरून बोट फिरवलं, काळं झालेलं बोट सगळ्यांना दाखवलं, फडक्याने पुसलं, दार गपचूप लागलं. त्यावर सेक्रेटरी काय म्हणाले असतील? "ते ठीके हो, पण मग हे रात्रीच का व्हायचं?" अहो दिवसा लिफ्टमध्ये माणसं असतात, दाराकडे बघायला वेळ कोणाला असतो!

जिन्यातला दिवा गेला असेल तर राहू द्या.

सीसीटीव्ही बंदच असेल, त्याचं वेगळं सांगत नाही.

मग बंदोबस्ताची खरेदी काढा. गेटवर काळी बाहुली, दर शनिवारी लिंबू-मिरची, त्यात बिब्बा आणि कोळसा ओवलेला पाहिजे, नाहीतर भुताला सिरियस वाटत नाही. लिफ्टच्या ग्रीसला नसलेले पैसे याला बरोबर निघतात. ज्यांना हे डाउनमार्केट वाटतं त्यांनी दाराला तो तुर्कस्तानातला निळ्या काचेचा डोळा लावावा, काम तेच, दृष्ट लागू नये, पण निळा असला की ती अंधश्रद्धा नसते, डेकोर असतं. जपानमध्ये हॉटेलच्या दाराशी मिठाचे छोटे ढीग ठेवतात, तेही चालेल. आमच्या आज्या मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकायच्या तर त्या अडाणी, आणि हे लोक मिनिमलिस्ट. सगळ्यात स्वस्त आणि मस्त उपाय कर्नाटकातला. तिकडे नव्वदच्या दशकात लोकांनी दारांवर 'नाळे बा' लिहिलं होतं, म्हणजे उद्या ये. भूत रात्री येणार, वाचणार, परत जाणार, दुसऱ्या रात्री परत तेच. आपल्या किराणावाल्याचं 'आज रोख उद्या उधार' याच तत्त्वावर चालतं आणि तिथेही कोणाला कधी उधार मिळालेलं नाही. पाट्यांच्या बाबतीत तर पुणेकरांना कोणी शिकवायलाच नको.

आता भूत कुठलं घ्यायचं. यासाठी आमच्याकडे मीटिंग झाली, आणि सांगतो, एवढी हजेरी एजीएमला कधी बघितली नाही. कोकणातले काका म्हणाले राखणदार असेल, गावाची वेस राखतो, त्याला वर्षाचं देणं दिलं की काही त्रास देत नाही. बी विंगमधल्या बंगाली भाडेकरूने सांगितलं की त्यांच्याकडे मेछो भूत असतं, त्याला फक्त मासे लागतात. यावर खजिनदारांचा चेहरा असा पडला, कारण नॉनव्हेज खाणाऱ्याला फ्लॅट द्यायचा नाही हा आमच्याकडे अलिखित नियम आहे आणि मासे मागणारं भूत चौथ्या मजल्यावर म्हणजे फारच झालं. केरळच्या कुटुंबाने यक्षी सुचवली, रात्री एकट्या पुरुषाला गाठून पानाला चुना मागते. एकाने मुंजा सुचवला पण बिल्डरने पिंपळ केव्हाच तोडलाय, तो राहणार कुठे? एक जण शनिवारवाड्यावर घसरलेच. ३० ऑगस्ट १७७३, गारदी, 'काका मला वाचवा', अमावस्या-पौर्णिमेला ऐकू येतं म्हणे. बरं, मारला गेला तो अठरा वर्षांचा नारायणराव, आणि अडीचशे वर्षं भूत म्हणून फिरवताय कोणाला, तर त्यालाच. ज्यांना रामशास्त्र्यांनी दोषी ठरवलं त्या राघोबादादांचं भूत कसं कधी कोणाला दिसलं नाही हो?

शेवटी ठरली हडळ. ठरणारच होती. जगभर तीच ठरते. बाळंतपणात गेलेली बाई आपल्याकडे हडळ, उत्तरेत चुडैल, इंडोनेशियात कुंतिलानक, सगळीकडे केस मोकळे, बऱ्याच ठिकाणी पाय उलटे. थायलंडमध्ये मे नाक, नवरा लढाईवर असताना बाळंतपणात गेली, पण बँकॉकमध्ये तिचं देऊळ तरी आहे, लोक तिला कपडे वाहतात, तिच्या बाळाला खेळणी ठेवतात. आपण काय करायचो? स्मशानातून परतताना वाटेवर मोहरी नाहीतर राळे टाकत यायचो, म्हणजे ती वेचत बसेल आणि घरी यायची नाही. सुईण वेळेवर बोलावली नाही ती घरच्यांनी, आणि भीती कोणाची, तर तिची.

तर आमची हडळ. चौथ्या मजल्यावर, पहाटे सव्वापाचला, केस मोकळे, तोंडाला पांढरं काहीतरी गुंडाळलेलं, हातात उजेड. एका गृहस्थांनी दाराच्या होलमधून बघितलं आणि लगेच ग्रुपवर व्हॉइस नोट. पाय उलटे होते का विचारलं तर म्हणे ते नीट दिसलं नाही, स्लिपर होत्या.

त्या पोळ्यावाल्या मावशी होत्या!

लिफ्ट बंद, जिन्यात दिवा नाही, म्हणून मोबाईलचा टॉर्च लावून दम खायला थांबलेल्या मावशी. केस मोकळे कारण न्हाऊन निघाल्या होत्या आणि ओले होते. तोंडाला पांढरा स्कार्फ, कारण पुण्यात दुचाकीवर बसणारी कुठली बाई स्कार्फ बांधत नाही? तो निकष लावला तर सकाळी कर्वे रोडवर निम्म्या हडळीच आहेत. एवढ्या पहाटे का, तर आमच्याआधी एका घरचे डबे आणि आमच्यानंतर मुलीची शाळा. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर म्हणून काय आलं? हात जोडलेले इमोजी. आणि खाली एका ताईंचं, "त्याच असतील हो, पण त्यांचं जरा काहीतरी वेगळंच वाटतं, त्यांची एक सूनही बाळंतपणात गेली ना."

म्हणजे घरात मरण झालेली बाई, तिच्याबद्दल तुम्ही हे बोलता. दोन घरांनी त्यांचं काम बंद केलं. एकांनी तर सांगितलंही नाही, गेटवर वॉचमनकडून निरोप दिला. आमच्याकडे त्या आल्या तेव्हा केसांचा घट्ट अंबाडा होता आणि स्कार्फ खालीच काढून पिशवीत ठेवला होता. मान खाली घालून पोळ्या लाटत होत्या. मला काय बोलावं सुचलं नाही.

सल्ले पुरे झाले आता. तुम्ही सगळे शिकलेले लोक आहात, पॅकेजं सांगता, मुलं बाहेर आहेत म्हणून सांगता, लाज वाटत नाही? या महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. अमकी करणी करते, तिच्यामुळे भूतबाधा होते असं पसरवून तिला त्रास देणं हा त्यात गुन्हा आहे, ६ महिने ते ७ वर्षं शिक्षा, ५ हजार ते ५० हजार दंड, आणि अजामीनपात्र. तुमची व्हॉइस नोट पोलिसांना चालेल पुरावा म्हणून. तो कायदा वर्षानुवर्षं रखडला होता, २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या तेव्हा कुठे आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला. तुमच्यातले किती तरी जण त्याच पुलावरून रोज डेक्कनला जातात. आणि घरी येऊन पोळ्या करणाऱ्या बाईला हडळ ठरवतात.

कोणाला भीती वाटत असेल तर वाटू दे, माझं काही म्हणणं नाही, भीती मलाही वाटते अंधारात. पण भीती तुमची आणि पगार तिचा कापायचा हे कुठलं शास्त्र? त्या दोन्ही घरांनी उद्या जाऊन मावशींना परत बोलवा, बुडालेल्या दिवसांचे पैसे द्या, आणि ज्यांनी व्हॉइस नोट टाकली त्यांनी ग्रुपवर माफी मागा, इमोजी नको, शब्दांत. आणि सेक्रेटरी, गेटच्या ॲपवर त्यांची एंट्री ब्लॉक करून ठेवलीये ती आज रात्री काढा.