‘सात बँड आले, आता इंग्रजीचा कोर्स कशाला?’

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘आयईएलटीएसला ७ बँड आले ना? मग विद्यापीठाच्या अकॅडेमिक इंग्लिशच्या कोर्सला जाऊ नका. तो कच्च्या मुलांसाठी असतो, तिथे ग्रामरच शिकवतात, क्रेडिट मिळत नाहीत, आणि आता सगळं एआय करून देतं.’ यातला एक दावा बऱ्याच अंशी खरा आहे. बाकीचे टिकत नाहीत.

आधी बँडचं बघू. आयईएलटीएस ही परदेशी शिकायला जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा, आणि बँड म्हणजे तिच्यातले गुण. एकूण बँड म्हणजे चार भागांची सरासरी. लिसनिंग-रीडिंगला ८-८ आणि रायटिंग-स्पीकिंगला ६-६ मिळाले तरी एकूण ७च दिसतात. समजा रायटिंगलाही ७ आहेत. पण त्या परीक्षेतला मोठा निबंध किमान २५० शब्दांचा, त्याला सुचवलेला वेळ ४० मिनिटं, आणि उदाहरणं स्वतःच्या अनुभवातली चालतात. संदर्भ एकही द्यावा लागत नाही. विद्यापीठातली असाइनमेंट बऱ्याचदा २,०००-३,००० शब्दांची असते आणि तिथे तुमचा अनुभव सहसा कोणी विचारत नाही. वाचलेल्या संशोधन-पेपरांचं तुम्ही काय केलंत ते बघतात. म्हणजे ज्यात कच्चेपणा निघू शकतो ते परीक्षेने तपासलेलंच नाही.

‘ग्रामरच शिकवतात’ हे तर कोर्सला न गेलेल्याचंच बोलणं. चांगल्या कोर्सात सर्वात जास्त वेळ दुसऱ्याचं म्हणणं आपल्या लेखनात कसं आणायचं यावर जातो. उदाहरण घ्या. मूळ वाक्य: ‘रात्रपाळी करणाऱ्यांची झोप तुटक होते आणि त्यामुळे त्यांची एकाग्रता घटते.’ विद्यार्थी लिहितो: ‘नाइट ड्यूटी करणाऱ्यांची निद्रा खंडित होते आणि परिणामी त्यांचं लक्ष कमी होतं.’ शब्द बदलले, सांगाडा तोच राहिला. याला पॅचरायटिंग म्हणतात. खाली संदर्भ दिला तरी ते अंगाशी येऊ शकतं. बऱ्याच ठिकाणी ते वाङ्मयचौर्यात धरतात. चूक होते कारण मूळ उतारा समोर उघडा ठेवून लिहिलं जातं. वर्गात करून घेतात ते असं: उतारा वाचा, बंद करा, आपल्या मुद्द्याला त्यातलं काय लागतं ते चार शब्दांत टिपा, टिपणावरून लिहा, मगच मुळाशी ताडून बघा. मग वाक्य असं येतं: ‘एकाग्रता घटण्यामागे हे लेखक झोपेतला खंड हे कारण देतात, कामाच्या ताणाचा विचार मात्र ते करत नाहीत.’ स्वल्पविरामानंतरचा भाग लिहिणाऱ्याचा स्वतःचा आहे (अर्थात, पूर्ण पेपर वाचून खात्री केली असेल तरच), आणि असाइनमेंटच्या प्रश्नात ‘क्रिटिकली इव्हॅल्युएट’ (चिकित्सा करा) म्हटलं असेल तर मार्क मिळतात ते त्याच भागाला.

एआयबद्दल. वाक्य गुळगुळीत करताना ते दाव्याचं वजन बदलून टाकू शकतं. ‘असोसिएटेड विथ’चं ‘कॉज्ड बाय’ झालं की इंग्रजी चुकत नाही, पण ‘संबंध आढळला’चं ‘यामुळेच झालं’ होतं आणि निष्कर्ष खोटा ठरतो. हा फरक ज्याच्या नजरेला कळत नाही तो ते वाक्य तसंच सबमिट करतो. शिवाय अस्तित्वातच नसलेले संदर्भ, एआय वापराचे विषयागणिक वेगळे नियम, आणि सेमिनारमध्ये तोंडी उत्तर द्यायची वेळ हे आहेच.

क्रेडिट सहसा मिळत नाहीत, हे खरं. पण मेसेज दोन कोर्सची सरमिसळ करतो. प्री-सेशनल पदवीआधी असतो, त्याला बहुधा फी असते आणि अनेकदा तो प्रवेशाची अटच असतो. ऑफर लेटरमध्ये तसं लिहिलं असेल तर टाळलात की जागा गेली. इन-सेशनल पदवीबरोबर चालतो, बऱ्याच विद्यापीठांत मोफत. त्यातले काही कोर्स खरंच कंटाळवाणे असतात, विशेषतः सगळ्या शाखांना एकत्र बसवणारे. आपल्या विभागासाठी वेगळा वर्ग असेल तर तो आधी बघा.

वर्गाला वेळच नसेल तर निदान कोर्सच्या शिक्षकांशी वैयक्तिक भेटीची वेळ घ्या, डेडलाइनच्या आठवडाभर आधी. असाइनमेंटचा प्रश्न, मार्किंगचे निकष, मसुद्याची दोन पानं आणि आधीच्या असाइनमेंटवरचे शेरे घेऊन जा. आदल्या रात्री ३,००० शब्द पाठवून ‘ग्रामर तपासून द्या’ म्हणालात तर नकार येईल; प्रूफरीडिंग हे बहुतेक ठिकाणी त्यांचं कामच नसतं.