रिकामं विमान, अर्धवट फ्लॅप्स आणि एक व्हायरल मेसेज

पावसाळा लागला की गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत हा मेसेज फिरू लागतो. सोबत विमानाच्या खिडकीतून काढलेला फोटो, त्यात दिसतात फ्लॅप्स, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला बाहेर येणाऱ्या झडपा. ‘मोपा विमानतळाहून अर्धं रिकामं विमान सुटलं, फ्लॅप्स जेमतेम बाहेर. कंपनी इंधन वाचवते. फ्लॅप्स जितके जास्त तितकी सुरक्षा जास्त, त्यातून मोपाची धावपट्टी सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर! आणि विमान एवढं हलकं, तर फ्लॅप्स हवेत तरी कशाला?’

फ्लॅप्स कमी म्हणून ओरड आणि मुळात नकोतच म्हणून सल्ला, दोन्ही एका दमात. असो.

‘जितके जास्त तितकी सुरक्षा’ हेच मुळात अर्धसत्य. जास्त फ्लॅप्सनी विमान कमी वेगात उचलतं, धावपट्टी कमी लागते. पण हवेचा अडथळा वाढतो आणि चढण मंदावते. उड्डाणाचा हिशेब तर ऐनवेळी एक इंजिन बंद पडेल असं धरूनच करतात. दोन इंजिनांच्या विमानाला चाकं आत घेतल्यावर एकाच इंजिनावर किमान २.४ टक्के चढ साधावा लागतो, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना २.४ मीटर वर. फ्लॅप्स वाढवले की याच चढाला कात्री लागते. धावपट्टी आखूड असेल तर जास्त फ्लॅप्स, समोर डोंगर असेल तर कमी, असा हा सौदा. एअरबस ए-३२० ला उड्डाणासाठी फ्लॅप्सच्या १+एफ, २ आणि ३ अशा तीन चढत्या स्थिती आहेत, तिन्ही अधिकृत. फोटोतली बहुधा पहिली.

विमान हलकं असलं की धावपट्टी आणि चढ दोन्ही हाताशी शिल्लक राहतात, म्हणून कमी फ्लॅप्सही पुरतात. त्यातच इंजिनाचा जोरही मुद्दाम कमी ठेवतात, नियमाने जास्तीत जास्त २५ टक्क्यांपर्यंत. गरज पडली तर पूर्ण जोर हाताशी असतोच. शिवाय जास्त फ्लॅप्सनी वेग हवा तेवढा खाली आणता येत नाही. एक इंजिन गेल्यावर नुसत्या रडरने, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूने, विमान सरळ ठेवता येईल असा एक किमान वेग असतो. विमान कितीही हलकं असो, निर्णयाचा वेग, म्हणजे ज्यानंतर उड्डाण सोडून देता येत नाही तो वेग, त्याखाली धरता येत नाही.

मेसेजवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी. लांब शेपटीच्या विमानाला जास्त फ्लॅप्सचा फायदा होतो, नाक उचलताना शेपूट घासण्याचा धोका घटतो. म्हणून काही वैमानिक मुद्दाम वरची स्थिती निवडतात.

इंधन? वाचतं, पण काही किलो.

‘फ्लॅप्स हवेत कशाला’ हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. ए-३२० किंवा बोइंग ७३७ ला फ्लॅप्सशिवाय उडायची परवानगी नाही. तसा प्रयत्न झाला तर कॉकपिटमध्ये इशारा वाजतो. १९८७ मध्ये डेट्रॉइटला नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं एमडी-८२ फ्लॅप्स न उघडताच निघालं. त्या दिवशी इशारा वाजलाच नाही. १५६ माणसं गेली. २००८ मध्ये माद्रिदला स्पॅनएअर कंपनीच्या, तसंच फ्लॅप्सशिवाय निघालेल्या त्याच जातीच्या विमानाने १५४ जीव घेतले.

राहिला सडा. धावपट्टी सुमारे ३,५०० मीटर आहे. रिकामं ए-३२० त्यातली बरीचशी पुढे शिल्लक ठेवून उचलतं. पावसात धावपट्टी ओली असेल तर हिशेब बदलतो, कारण उड्डाण सोडून द्यायची वेळ आली तर थांबायला जास्त अंतर लागतं. तेव्हा निर्णयाचा वेग खाली आणतात, आकडे नव्याने काढतात, आणि त्यात कधी फ्लॅप्सची स्थिती २ निघते, कधी पुन्हा १+एफच.