काढा पिताय ना? मग डॉक्टरला सांगा तरी

कोलेस्ट्रॉलचा रिपोर्ट वाढीव आला की आपल्याकडे स्टॅटिनची गोळी पाकिटातच राहते, कारण "त्याने लिव्हर खराब होतं" असं कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवसापासून गॅसवर अर्जुनसाल, गुळवेल नि अजून काय काय उकळायला लागतं. वर "झाडपालाच आहे, फायदा नाही झाला तरी नुकसान तर नाही ना" हे आहेच. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

अहो, कोरोनात घरोघरी गुळवेल प्यायली, आणि 2020 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांकडे कावीळ झालेले असे पेशंट आले ज्यांच्यात गुळवेल हाच समान धागा होता. नंतर देशभरातल्या 13 सेंटर्समधून असे 43 पेशंट नोंदवले गेले. गुळवेल इम्युनिटीला चेव आणते, आणि ज्यांच्यात ऑटोइम्युन त्रास (म्हणजे शरीराची इम्युनिटी स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करते तो) आधीच दबा धरून बसलेला असतो त्यांची इम्युनिटी लिव्हरवरच उलटते, असा डॉक्टरांचा अंदाज. आयुष मंत्रालयाचं म्हणणं, गुळवेल सेफ आहे, लोकांनी तशीच दिसणारी दुसरी वेल वापरली असेल. बरं, मान्य. पण मग सोसायटीतल्या कडुलिंबावर चढलेली वेल नक्की कुठली हे आपल्यापैकी कोण तपासून घेतं?

आणि गुग्गुळ! कोलेस्ट्रॉलसाठी त्यावर आपल्याकडे खरंच काम झालंय, 1966 ला बनारसच्या विद्यापीठात सशांवर प्रयोग झाले, 1987 ला त्यापासून केलेल्या औषधाला भारतात परवानगीही मिळाली. पण 2003 मध्ये अमेरिकेत 103 लोकांवर आठ आठवडे नीट ट्रायल घेतली तर गुग्गुळवाल्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, 4-5 टक्के वाढलं, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचं उलट कमी झालं. काहींच्या अंगावर पुरळ आलं ते वेगळंच.

मी आयुर्वेदाच्या विरोधात नाहीये, उगाच भांडायला येऊ नका. ज्याचा इफेक्ट होतो त्याचा साइड इफेक्टही होऊ शकतो, एवढंच. डॉक्टर "काय काय औषधं चालू आहेत" विचारतात तेव्हा काढा, चूर्ण, हळदीच्या कॅप्सूल सगळं सांगा, आणि डोळे पिवळे, लघवी गडद दिसली तर आधी ते बंद करून एसजीपीटी नि बिलीरुबिन या लिव्हरच्या रक्ततपासण्या करून घ्या.

बाकी इसबगोलाने एलडीएल थोडं का होईना खरंच उतरतं, बरेच चांगले अभ्यास आहेत त्यावर, पण त्याचा फॉरवर्ड कुणी पाठवणार नाही, ते बिचारं पोट साफ करायच्या डब्यातच पडून आहे.